मागच्या अंगणातला नळ

"मागचं अंगण तुमचं नाही, काका," असं म्हणत वकीलबाईंनी खरेदीखताचं चौथं पान पंपवाल्यासमोर सरकवलं. पूर्वेच्या, म्हणजे घराच्या मागच्या, हद्दीत स्पष्ट लिहिलं होतं: विकणाऱ्याच्या भावाची मोकळी जागा. सकाळी तोच भाऊ अंगण मोजायला आला, म्हणून तर पंपवाला कागद घेऊन इथे धावला होता. बाईंना ती ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

राग तरी कुणावर काढायचा? कागद एकदा वकिलाला दाखवा म्हणून बायको कानीकपाळी ओरडत होती. यानेच तिला उडवून लावलं. तीस वर्षं लोकांची घरं आतून बघतोय, मला काय शिकवतेस! घेताना त्याने घरातला एकूणएक नळ सोडून पाहिला, गच्चीवरच्या टाकीत डोकं घातलं, भिंतीला कान लावून पाइप ऐकले. घरातली लाइन थेट मागच्या अंगणातल्या नळापर्यंत गेली होती. लाइन घरची, म्हणजे अंगणही घरचंच, असं धरून हा गडी मोकळा झाला. हद्दीचा मजकूर वाचला नव्हता असंही नाही. असलं काहीतरी सगळ्याच कागदांवर असतं, म्हणून पान उलटलं होतं.

आणि त्या अंगणासाठीच तर घर घेतलं होतं. गुडघे कामातून गेले होते, टाक्यांवर चढणं होत नव्हतं. मागे पत्र्याची शेड टाकायची आणि लोकांचे पंप बसल्या जागी दुरुस्त करायचे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता बसा बोंबलत.

"काही करता येईल का?" त्याने विचारलं.

"सहीच्या आधी आला असतात, तर आलं असतं."

'आधी बोलावलं असतंत तर' हे असलंच वाक्य तो रोज गिऱ्हाइकांना ऐकवायचा, तेही चढ्या आवाजात. बाई हळू बोलल्या, ते जास्त झोंबलं.

संध्याकाळी तो भाऊ कुंपणाचे खांब घेऊन हजर. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. नळ काढायला दुसऱ्या कुणाला बोलावतो, असं तो चाचरत म्हणाला.

"नको," पंपवाला म्हणाला. "दुसऱ्याच्या हातचं गळेल."

गुडघ्यांवर हात टेकत तो खाली बसला. नळ काढला, पाइपच्या तोंडावर एंड कॅप आवळली. बायकोला मेन कॉक सोडायला सांगितलं आणि जोडाखाली कोरडा हात धरला. एक थेंबही आला नाही. तरी बराच वेळ त्याने हात तसाच धरून ठेवला.