अर्ध्या मिनिटाची चढाई

वारज्यात सर्जेरावांच्या गच्चीवरची डिश आज उतरणार होती. सातवीतल्या नातीने, अपेक्षाने, तसा निकालच दिला होता. "आजोबा, डिशच्या पैशात ॲप दोनदा येतं, अन् चित्र किती स्वच्छ."

"आधी सामना बघू, मग निकाल," सर्जेराव म्हणाले.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर आणि आतल्या खोलीत टॅबलेटवर एकच कबड्डी लागली; मधल्या दारातून आजोबा-नातीला दोन्ही दिसत होतं. टॅबलेटवर खेळाडूंचा घामसुद्धा दिसत होता. आपली डिश गेलीच, असं सर्जेरावांना वाटलं. इतक्यात टीव्हीवर एका गड्याची पकड झाली. आत त्याच गड्याने अजून मध्यरेषाही ओलांडली नव्हती.

"टॅबलेट अर्धं मिनिट मागं आहे," अपेक्षा चकित झाली.

"म्हणजे अख्खी एक चढाई. का, ते सांग बघू."

"नेटवरून चित्र तुकड्यांनी येतं. ते साठवून मग दाखवतात."

"शाब्बास. मग ठेवायचं कोणतं?"

दोघांनी आजीकडे, सोजरबाईंकडे पाहिलं. चुरशीची चढाई आली की त्या धास्तीने उठून चुलीपाशी जायच्या. आज मात्र त्या टॅबलेटसमोर निवांत बसल्या होत्या.

"दोनी ठेवा," त्या म्हणाल्या. "भाईर ह्ये वरडले की आपला गडी सुटला, त्ये मला आदीच कळतं. मग मी हितं बिनघोर बघते."

"अन् मी ओरडलोच नाही तर?" सर्जेरावांनी विचारलं.

"मग डोळं मिटून घेते की."