दुसऱ्यांदा बंद

दक्षता दुपारी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून कामाला बसली, की तिचे सासरे दामाजी समोरच्या खुर्चीत बसून लसूण सोलत. आत ओट्याशी त्यांची बायको शेवंती खाडीतले निवटे मासे साफ करता करता बोलत राही. पंचेचाळीस वर्षं ते बोलणं कानावर होतं. जरा थांबलं की दामाजींना घरात एकटं वाटे.

"बाबा, ही फाईल बंद झाली की नाही तेच कळत नाही," दक्षता एकदा वैतागून म्हणाली. "बंद कर म्हटलं, की कधीकधी मशीन म्हणतं, गडबड झाली. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर ती खरंच उघडी राहते, पुन्हा बंद करावी लागते. या नव्या मशीनवर मात्र ती बंद झालेलीच असते, आणि तिचा नंबर लगेच दुसऱ्या फाईलला मिळतो. पुन्हा बंद करायला जावं, तर ती दुसरीच अर्ध्या वाक्यात बंद होते. आणि मला एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवायचाय."

दामाजी चौथी शिकलेले, पण हे त्यांना लगेच उमगलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि तिथे प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे.

"आमच्या सॅव्हियोने नोकरी सोडली, बिल्ला परत दिला. मी वहीत त्याचा नंबर काटला," ते सावकाश म्हणाले. "मग मनात आलं, काटला का नाही? सकाळी परत काटला. तोवर तो नंबर नव्या राजरत्नला दिलेला. दिवसभर फाटकाबाहेर उभा, हातात बिल्ला घेऊन."

"मग काय केलंत?"

"काय करणार? संध्याकाळी चहा पाजला."

"अरेरे! बाबा, तुम्हीच बसा माझ्या जागेवर."

नक्की काय होतं ते बघायला तिने फाईल मुद्दाम दोनदा बंद करून पाहिली. पडद्यावर ओळ उमटली : पुन्हा बंद केली. आत शेवंती सांगत होती, "आणि जोविटाच्या लग्नात थेल्माने जी साडी..." आणि गप्प झाली.

"काय गं, पुढे काय झालं थेल्माचं?" दामाजींनी विचारलं.

"कोण थेल्मा?"

थेल्मा ठाण्याच्या जुन्या घरची तिची शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. शेवंतीने ते हसण्यावारी नेलं, दामाजीही हसले. दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या बारशाची गोष्ट सांगता सांगता थांबली. तिसऱ्या दिवशी हातात सुरी, पुढ्यात निवटे, आणि आता काय करायचं असतं, असं ती विचारत होती. तिन्ही वेळा जरा आधी पडद्यावर तीच ओळ आली होती.

"पोरी, दुसऱ्यांदा बंद करायचं काढून टाक," दामाजी म्हणाले.

"काढणारच होते बाबा. आता प्रोग्रॅम मशीनचं नाव बघून वागेल. इथे एकदाच, ऑफिसातल्या जुन्यावर दोनदा."

त्या दुपारी शेवंतीने जोविटाचं लग्न पार सासरी पाठवणी होईपर्यंत सांगितलं. दामाजींनी मध्ये एकदाही हूं म्हटलं नाही. एखादं वाक्य सांडू नये म्हणून जपून ऐकत राहिले आणि मग खुर्चीतच त्यांना गाढ झोप लागली.

शुक्रवारी दक्षता ऑफिसला गेली. अकराच्या सुमाराला तिचा फोन आला.

"बाबा, गंमत ऐका. इथलं जुनं मशीन परवाच बदललं म्हणे. नाव मात्र तेच ठेवलंय, आणि मला कोणी सांगितलंच नाही! प्रोग्रॅम बिचारा जुनं समजून सकाळपासून दोनदा बंद करतोय. आत्ता थांबवला. आईंना सांगा, जेवायला येत नाही."

घाईने फोन ठेवून दामाजींनी स्वयंपाकघराकडे कान दिला. आत बोलणं चालू होतं, भरतीच्या पाण्यासारखं एकसारखं; थेल्मा होती, साडी होती, एकही वाक्य तुटत नव्हतं. ते निवांत मागे रेलले. खिडकीतून पायांवर ऊन आलं होतं, आलं ठेचल्याचा वास येत होता, आणि आज इतकं बरं का वाटतंय, हेही त्यांना शोधावंसं वाटेना.

थोड्या वेळाने आतून एक बाई बोलत बोलतच दोन कप घेऊन आल्या. केस पांढरे, चेहरा मायाळू. दामाजी अदबीने उठले, टेबलावरची लसणाची सालं त्यांनी बाजूला सारली आणि खुर्ची पुढे केली.

"बसा ना," ते म्हणाले. "घरातली माणसं येतीलच एवढ्यात."