बटणाएवढं वर्तुळ

ह्यांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती, त्या वर्षी आमच्या घरात संत्र्याच्या सालींचा नुसता घमघमाट असायचा. जखमेतल्या जंतूंनी गोळ्या-इंजेक्शनांची एकामागून एक सगळी औषधं पचवली होती. पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणत नव्हते, पण विषय टाळत होते, आणि ते आम्हाला कळत होतं.

आमची लेक तेव्हा जंतुशास्त्रात संशोधन करत होती. औषधांना न जुमानणारे जंतू संत्र्या-लिंबांच्या सालींच्या अर्काने मरतात का, हाच तिचा विषय. रीतसर परवानगी काढून तिने ह्यांच्या जखमेतले जंतू प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवले. तिथल्या मुलींनी त्या जंतूंचं नावच 'बाबा' ठेवलं. रोज संध्याकाळी हे विचारायचे, "काय गं ठमे, बाबा कसे आहेत?"

"मजेत! ताटलीभर पसरलेत. हटायचं नाव नाही."

"माझ्यावरच गेलेत."

साली सुकवायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पाय स्टुलावर ठेवून गॅलरीत बसायचे, संत्री सोलायचे, साली वर्तमानपत्रावर मांडायचे. फोडी संपवायच्या आम्ही. शेवटी शेवटी तर संत्रं नुसतं दिसलं तरी माझे दात आंबायचे.

एक दिवस लेक चपलांसकट घरात घुसली. "आई, बाबा मेले!"

"अजून नाही गं!" हे गॅलरीतून ओरडले.

अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती बांगडीएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. तेवढ्या जागेत एकही जंतू वाढला नव्हता. ह्यांनी पाय पुढे केला. "मग बांध की इथे."

"ताटली वेगळी, पाय वेगळा, बाबा. अजून पुष्कळ तपासायचंय." म्हणाली खरी, पण तिची नजर ह्यांच्या पायावरून हलत नव्हती.

हा निकाल विभागातल्या सगळ्यांसमोर मांडायचं ठरलं. त्याआधी तिने प्रयोगशाळेत सुकवलेल्या सालींचा अर्क लावून पाहिला, तर बांगडी गायब. घरच्या सालींना मात्र ती हटकून पडायची. जेवताना लेक म्हणाली, "फळं एकाच दुकानातली. म्हणजे आपल्या गॅलरीतल्या उन्हातच काहीतरी आहे. मी तसंच मांडणार."

ह्यांचा घास हातातच राहिला. "ठमे, साली पुसलेल्या चालतात ना?"

"कशाने पुसलेल्या?"

"जखम धुवायचं औषध आहे ना, ते फडक्यावर घेऊन. माझ्या हातचे जंतू तुझ्या कामात जायला नकोत म्हणून."

म्हणजे बांगडी पाडली होती ती त्या औषधाने! लेकीने कपाळावर हात मारला, "अहो बाबा!" म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता रडलीच. हे बिचारे "मला काय ठाऊक, मला काय ठाऊक" करत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता हे हातमोजे घालून सोलायचे, आणि औषधाची बाटली माझ्या कपाटात कुलपाआड. वर्तुळ पडलं, पण शर्टाच्या बटणाएवढं. लेकीने तेच सगळ्यांसमोर मांडलं, बांगडीची हकिगतही न लपवता.

"बटण तर बटण," हे म्हणाले, "पण खरं आहे."

पाय वाचला तो सालींमुळे नव्हे. डॉक्टरांनी जखमेतला सडका भाग काढला आणि त्यानंतर एक नवं औषध लागू पडलं. पुढे कितीतरी वर्षं हे त्याच पायाने बाजारात जात राहिले आणि दुकानदार वैतागेपर्यंत एकेक संत्रं हुंगून आणत राहिले.

आता हे नाहीत. लेक त्याच प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तिचेही केस पिकलेत. ते जंतू तिथल्या फ्रीझरमध्ये अजून जपून ठेवलेत. नव्या मुलांना प्रयोग शिकवायचा असला की ती म्हणते, "बाबांना बाहेर काढा. आणि साली कोणी पुसल्यात का, ते आधी विचारा."

परवा तिचा फोन आला, तेव्हा मी सहज विचारलं, "काय गं, बाबा कसे आहेत?"

"मजेत, आई. ताटलीभर पसरलेत."