काळी पडलेली गोळी

बारा पायऱ्यांनी बनणारा रेणू तिने आठ पायऱ्यांत बनवला होता. शेवटच्या पाच पायऱ्या एकाच फ्लास्कमध्ये, मध्ये गाळणं नाही की धुणं नाही. तीनदा केलं, तीनदा जमलं. सर इतके खूश, की शोधनिबंध लगेच नियतकालिकाकडे धाडून मोकळे झाले. तो छापून आला की पीएच.डी.ची पदवी. आईला तर तिने तारीखही सांगून टाकली होती.

नियतकालिकाच्या परीक्षकांनी एकच अट घातली, हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातून करून दाखवा.

दुसरे हात शेजारच्या टेबलावरच्या लांबूचे. त्याने वहीत बघून तंतोतंत केलं. दिव्याखाली तपासणीची प्लेट धरली, तर रेणू बनल्याची खूण असलेला ठिपकाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"ताई, वहीत काही लिहायचं राहिलंय का गं?"

"अरे, ढवळायचा वेगसुद्धा लिहिलाय!"

तिने स्वतःच्या टेबलावर केलं, तर ठिपका हजर. लांबूच्या टेबलावर तिनेच केलं, तर गायब. तिचं डोकंच चालेना. बाटल्या बदलल्या, फ्लास्क बदलले, फरक शून्य.

"तुलाच जमतं, असं छापायचं का?" सर म्हणाले. तिला ते फार लागलं. आपणच नकळत काही खोटं केलंय का, अशी शंका तिला स्वतःचीच येऊ लागली.

चौथ्या दिवशी काचसामान धुणारे काका ट्रे घेऊन आले. फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरून सगळं ढवळणारी चुंबकाची पांढरी गोळी प्रत्येकाची वेगळी असते. तिची पहिल्या वर्षापासून एकच. एकदा ती हरवली तेव्हा तिने काकांना चांगलंच फैलावर घेतलं होतं; तेव्हापासून ते ती जिवापाड जपत.

"ताई, घासून घासून हात दुखले. तुमची गोळी काळी ती काळीच. टाकून देऊ?"

"थांबा!"

तिने ती लांबूच्या फ्लास्कमध्ये टाकली. तासाभराने ठिपका उमटला. लांबूने उडीच मारली. तिच्या मात्र आता ध्यानात आलं. जुन्या बारा पायऱ्यांत वापरलेले सगळे धातू पाच वर्षं त्या गोळीत मुरले होते, आणि काम त्यांतलाच कुणीतरी करत होता. कोण, ते कुणाला ठाऊक?

सरांनी गोळी हातात फिरवून पाहिली. "मग पद्धत तुझी, की हिची?"

"कळत नाही, सर. एवढंच कळतंय, की जुनी लांबची वाट तुडवली नसती, तर ही काळी झाली नसती."

"कोणता धातू ते बघायचं, तर चिरावी लागेल. आणि ही एकच आहे. चिरल्यावर पुन्हा जमेल याची खात्री मी देणार नाही. नाही चिरली, तर ही पद्धत बाकी कुणाला जमणार नाही, आणि निबंध मागे घ्यावा लागेल."

काकांनी लांबूकडे पाहिलं, लांबूने तिच्याकडे. तिने सरांच्या हातातून गोळी घेतली.

मग खण उघडून ब्लेड तिनेच आणलं.