सात दिवसांत साडेचार किलो

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर वजनकाटा होता आणि त्याचा आकडा मागच्या भिंतीवर माणसाएवढा मोठा दिसत होता. काट्यावर माझी मोठी जाऊ उभी होती. सात दिवसांत साडेचार किलो उतरले होते. टाळ्या थांबेनात.

काट्याशेजारी उभा राहून काटेबाबा सांगत होता, चरबी म्हणजे साठलेली काळजी. त्याची नजर पडली की तिची वाफ होते. त्यानं दिलेली औषधाची पुडी मात्र रोज न चुकता घ्यायची. नजरेला पुडीची मदत कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी कपडे शिवते. घरी आल्यावर जाऊबाईंनी कपडे कंबरेत घट्ट करायला दिले. मी टेप लावली. कंबर जवळजवळ तेवढीच. मी मापांची वही उघडली. गेल्या वर्षी बाबाच्या काट्यावर चढलेल्या अकराजणी माझ्याकडे शिवायला येतात. त्यांपैकी नऊजणींचे कपडे मी सहा महिन्यांच्या आत उसवून सैल केले होते. त्यांना परत मंचावर कुणी बोलावलं नव्हतं.

जाऊबाईंना हे सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला माझं चांगलं बघवत नाही."

त्यांनी पुड्या चालूच ठेवल्या. जीभ कोरडी पडली, पायांत गोळे येऊ लागले, दर तासाला लघवीला जाणं सुरू झालं. चौथ्या दिवशी त्या जिन्यात कोसळल्या. दवाखान्यात त्यांच्या नाडीचे ठोके मध्येच चुकत होते.

डॉक्टरीणबाईंनी पुडी तपासून घेतली. लघवी वाढवणारं औषध दळून घातलं होतं. त्या म्हणाल्या, "अंगातलं पाणी आणि क्षार गेले. चरबी जिथल्या तिथे आहे."

"म्हणजे लवकर वजन उतरणंच वाईट?" मी विचारलं.

"तसं नाही. जेवणखाण बदललं, चालणं वाढलं आणि त्यानं सुरुवातीला चांगलं उतरलं, तर उलट चांगली खूण आहे. दर आठवड्याला सारखं उतरत राहिलं, तर टिकण्याची शक्यता वाढते. पण पाणी प्यायलं की परत येतं, ते उतरलंच नव्हतं."

बाबाच्या पुढच्या सभेत डॉक्टरीणबाईंनी पुडीच्या तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. मी गेल्या वर्षीच्या बायकांना काट्यावर बोलवा म्हटलं. बाबा म्हणाला, त्यांची श्रद्धा कमी पडली. तेवढ्यात त्या नऊजणींतल्या चौघी उठून पुढे आल्या, तसा तो मागच्या दारानं निघून गेला.

जाऊबाई वाचल्या. अजून जिना चढताना मध्ये बसतात.

परवा दोन बायका माझ्याकडे आल्या. दार लोटून घेत हळू आवाजात विचारलं, ती पुडी आता कुठे मिळते? म्हणून हे लिहिते आहे. कुणी पहिल्या आठवड्याचा आकडा दाखवला, तर त्याच्याकडे वर्षानंतरचा मागा. आणि पुडीत काय आहे हे कळल्याशिवाय ती तोंडात टाकू नका.