मी डेडलाइन, मूळची तुरुंगातली

मित्रांनो, मी एक शब्द आहे. वयाने तशी जुनी, पण अजून रोज लाखो तोंडांत असते. माझं नाव डेडलाइन. आज मी गोडगोड बोलणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे.

माझा जन्म एका युद्धात, कैद्यांच्या तळावर झाला. कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली असे. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. म्हणजे मी मरणरेषाच! पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी मला उचललं, 'बातमी देण्याची शेवटची वेळ' असा नवा अर्थ दिला आणि मी अब्रूदार झाले. कचेऱ्यांत मिरवले, शाळांत शिरले. वाटलं, रक्तातून सुटले. कसलं काय!

एका शिवणकारखान्यात गणवेशांचं मोठं काम आलं. मालकाच्या तोंडी उठताबसता मीच. कापड कापायचं यंत्र मावशी चालवायच्या आणि त्यांची भाची शेजारी कापड धरायची. पात्यापुढे बोटं वाचवणारा लोखंडी गार्ड होता.

"मावशी, तो गार्ड काढा. हात भरभर चालेल," मालक म्हणाला.

"हात चालेल हो, पण बोटं राहतील का?"

"डेडलाइन आहे! तुमचं पुराण नंतर." त्याने स्वतःच स्क्रू काढले.

भर दुपारी भाची किंचाळली. मालक धावत आला आणि, मित्रांनो, त्याने आधी कापड बाजूला ओढलं! "डाग पडला तर डेडलाइन हुकेल!"

मला दात असते, तर मी त्याची जीभच तोडली असती.

मावशींनी तेच कापड हिसकावून भाचीच्या हाताला गच्च गुंडाळलं आणि मेन स्विच खाली ओढला. सगळी यंत्रं गप्प झाली.

"हुकू दे तुमची डेडलाइन! डेडलाइनला कुठे रक्त येतंय?"

गार्ड परत बसेपर्यंत एकही बाई यंत्राला शिवली नाही. शेवटी मालकाने मुकाट्याने स्क्रू पिळले. गणवेश उशिरा पोचले. मुलं तोवर जुन्या कपड्यांत शाळेत गेली, हसली, खेळली. कुणाचं काही अडलं नाही. भाचीचं बोट मात्र गेलं ते गेलंच. शर्टाचं बटण लावताना ती अजून मला शिव्या घालते. घालू दे.

मित्रांनो, वेळ जरूर पाळा. पण मला कुणावर उगारण्याआधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा. मी माणसानेच आखलेली रेघ आहे. मला पुढे सरकवता येतं. तुटलेलं बोट पुन्हा उगवत नाही.