कपाला बांधलेला लाल दोरा

घरच्या लॉन्ड्रीत कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला वेगळ्या रंगाचा दोरा घालत. ते काम धाकट्या सुनेचं. त्या दिवशी ती सकाळच्या चहाला बसली, तर तिच्याच कपाच्या कानाला लाल दोरा!

आदल्या दिवशी तिचा रिपोर्ट आला होता. अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ, पोटात आणि छातीत पाणी, कॅन्सरचा दाट संशय.

"राग मानू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "घरात लहान मूल आहे."

ते मूल तिचंच होतं.

"आई, हा रोग लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"त्यांचं काय जातंय सांगायला? गिऱ्हाइकांना कळलं तर आपल्या हातचे कपडे कोण घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

नवरा इस्त्री फिरवत राहिला. आईपुढे त्याची नेहमीच दातखीळ बसे. धाकटीचं ताट वेगळं झालं, अंथरूण वेगळं झालं. बाळाला थोरली जाऊ थोपटायची, पण धाकटीच्या नजरेला नजर देत नव्हती. हिलाही आपली किळस आली, असं धाकटीनं मनाशी धरलं आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

ऑपरेशन झालं. गाठ तपासून आली. "साधी आहे, कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी गाठ क्वचितच असते, पण पाणी साठवून आम्हालाही चकवते. आता पाणी पुन्हा होणार नाही."

घरी येताच सासूबाईंनी कात्री आणली. "सुटलो बाई! आण तो कप, दोरा कापते."

"राहू द्या, आई. साधी निघाली म्हणून मी पुन्हा तुमची झाले. वाईट निघाली असती तर? तेव्हा तर मला माणसं जास्त लागली असती."

"झालं गेलं विसर आता."

तेवढ्यात थोरलीला रडू फुटलं. "माझी पाळी कधीच बंद झालीय, तरी दोन महिने रक्त जातंय. सांगणारच होते. पण तुझा कप बघितला आणि गप्प बसले."

धाकटीचे टाके अजून ओढत होते. तरी ती उठली, लाल दोऱ्याच्या कपात चहा ओतून अर्धा प्यायली आणि उरलेला जावेपुढे धरला.

"प्या, ताई. उद्या तपासायला जाऊ. मी येते बरोबर."

सासूबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. थोरलीचा रिपोर्ट काय येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिचा कप सगळ्यांच्या कपांतच राहणार, हे त्या दिवशी ठरलं.